सोड म्हटलं की सोडायचं

आमच्या घरात दोर कधी विकत आणला गेला नाही. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. शेतात कापूस, ज्वारी आणि बांधाच्या कडेनं अंबाडी. अंबाडीचा पाला भाजीत जायचा, आणि तिची धांडं नाल्यातल्या डबक्यात कुजवून काढलेला वाख बाबांच्या हातात. उन्हाळ्यात दुपारची जेवणं झाली की बाबा ओसरीच्या खांबाला वाखाचं टोक अडकवून बसत आणि पीळ देत राहत. ओल्या वाखाचा कुबट हिरवा वास, तळहातावर तळहात घासल्याचा कोरडा आवाज, आत मायच्या जात्याची घरघर, गोठ्यात गायीनं टाकलेला एखादा लांब श्वास. बाबा बोलत नसत. दोर तयार झाला की तो खांबाभोवती टाकून, टाच रोवून, अंगाचा सगळा भार देत मागं झुकत. दोर तुटला नाही की मान हलवत. तुटलेला मी एकदाही पाहिला नाही.

त्यांच्या उजव्या तळहातावर करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत एक गुळगुळीत पट्टा होता. तिथं रेषा नव्हत्या. गावात हात पाहणारा कुणी आला तर बाबांचा उजवा हात पाहून तो डावा मागायचा. या पट्ट्याची हकीकत मी मायकडून ऐकली. ती घडली तेव्हा मी पाळण्यात होते. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा वामनकाका, विहिरीवर मोट हाकत होते. मागं सरकताना एका बैलाचा पाय काठावरून घसरला आणि तो विहिरीत लोंबकळला. दोघा भावांनी दोर धरला. काकानं थोड्या वेळानं सोडला. बाबांनी सोडला नाही. दोर तळहातातून घासत गेला, बाबा फरफटत काठापर्यंत गेले, शेवटी शेजारच्या वावरातल्या गड्यानं धावत येऊन कुऱ्हाडीनं दोर तोडला म्हणून ते वाचले. बैल गेला. काकाचं म्हणणं असं, की दोघांनी धरून ठेवला असता तर दोघंही बैलामागं गेले असते. हे तो एकदाच म्हणाला. त्या दिवसापासून घरात आणि गावात त्याचं नाव सोड्या पडलं.

बाबा ते नाव रागानं घेत नसत, हे मला नोंदवलं पाहिजे. ते रोजचं नाव झालं होतं. "सोड्या, पानी आन." "सोड्या, जेवून घे बे, भाकरी थंडी होऊन राह्यली." नाव असं वापरून गुळगुळीत झालं होतं, बाबांच्या तळहातासारखं. काका एके दिवशी खामगावला सरकीच्या गाडीबरोबर गेला तो परस्पर फौजेत भरती झाला.

तो परत आला तेव्हा मी मराठी शाळेच्या वरच्या वर्गात होते. मधल्या काळात आम्ही आधी मध्य प्रांतातले, मग मुंबई राज्यातले आणि शेवटी महाराष्ट्रातले झालो होतो. घर कुणीच हलवलं नव्हतं. काकाजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि वळकटीसारखं एक बोचकं. फौजेत तो विमानातून छत्री घेऊन उडी मारायचा, असं त्यानं सांगितलं. गावाला छत्री एकच माहीत होती, काळी, वाकड्या मुठीची. पोरांनी दुसऱ्याच दिवशी गोठ्याच्या छपरावरून छत्र्या घेऊन उड्या मारल्या. दोन छत्र्या आणि एका पोराचा पाय कामातून गेला. पारावरच्या म्हाताऱ्यांनी काकाला मध्ये बसवून घेतलं.

"आन् छत्री उलटी झाली तं काय करता बे?"

"मंग तिलेच पांघरून निजाव लागते, आबा," काका म्हणाला.

म्हातारे हसले. बाबाही पाराच्या कडेला बसले होते. ते म्हणाले, "इमानातून उडी मारनं म्हनजे काय? हात सोडून देनं. तिथीबी यानं सोडलंच."

हसू फार मोठं झालं. काकाही हसला. मी त्याच्यासाठी जेवायला बोलावणं घेऊन गेले होते, म्हणून हे मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं. आम्ही घरी आलो. ताटावर बसल्यावर ठेच्याचं बोट चाटत त्यानं बाबांना सांगितलं, "दादा, खाली येनं पाह्यलं नाई तुनं. वर जानंबी असते. दोर तुह्या हातात राहीन आन् मी वर जाईन. दाखवीन तुले."

"हाव, हाव. जेव आधी."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काका हेच बोलत राहिला. बोचक्यात फौजेनं लिलावात काढलेली एक जुनी हवाई छत्री होती. पांढरट, रेशमासारखं कापड. अंगणात पसरलं की अंगण पुरत नसे. मायनं त्यात पोलक्यांचं अस्तर पाहिलं, पण मागितलं नाही. काकानं जळगावच्या शिंप्याकडून तिच्या मागच्या बाजूला फटी पाडून त्यांच्या कडा शिवून घेतल्या. फौजेत सरावासाठी माणसाला छत्री बांधून पुढून जीप ओढते, आणि माणूस पतंगासारखा वर जातो, असं तो सांगे. जीपऐवजी तीन माणसं आणि चांगला वारा पुरेल, असा त्याचा हिशेब होता. गावात मात्र तो हे करायला तयार नव्हता. पहिल्यांदा जमलं नाही तर नावाला आणखी एक शेपूट लागलं असतं. त्याला ते गावाला दाखवायचंही नव्हतं. त्याला एकच माणूस हवा होता.

संधी आली ती कमलआक्काच्या दुसऱ्या बाळंतपणानं. माझी थोरली बहीण डोंगराच्या पलीकडं निमाडात दिली होती. लग्न झालं तेव्हा तो एकाच सरकारचा मुलूख होता. आता मध्ये राज्याची हद्द आली होती. बारशाला जायचं ठरलं. मोटारीनं जायचं तर बऱ्हाणपूरवरून मोठा वळसा पडायचा, म्हणून पायी, डोंगरावरून. बाबा, माय, माझा मोठा भाऊ मधू, वामनकाका आणि मी. माय दोन दिवस चुलीपुढं होती. डिंकाचे लाडू, दुधात मळलेल्या दशम्या, तिळाची चटणी, कांदे. बाळाचं झबलं-टोपडं वेगळ्या फडक्यात. पहाटे निघताना प्रत्येकाच्या पाठीवर काही ना काही होतं. बाबांच्या खांद्यावर नव्या दोराचं वेटोळं होतं. डोंगरात ते दोराशिवाय जात नसत. काकाच्या पाठीवर बोचकं होतं.

"अंथरून काऊन घेतलं बे?" बाबांनी विचारलं. "आक्काच्या घरी गोधड्या नाईत?"

"परमुलखात चाललो, दादा. आपलं असलेलं बरं."

त्याच्या पाठीवर काय आहे हे बाबांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण मी अंदाज लिहिणार नाही. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, एवढं खरं.

ती सकाळ आमच्या घराच्या आयुष्यातली सर्वांत हलकी सकाळ होती. उतारावर पळस संपत आला होता, मोहाची फुलं झाडाखाली पडून आंबूस गोड वास सुटला होता. काका फौजेतल्या गोष्टी सांगत पुढं चालला होता. एका टेकाडावर हद्दीचा दगड लागला. एका बाजूला चुना फासून आमच्या राज्याचं नाव, दुसऱ्या बाजूला त्यांच्या. काकानं मायला दगडाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवायला लावलं.

"वहिनी, डावा पाय फारेनात गेला तुमचा."

"जाऊ द्या भाऊजी, चप्पल इकडचीच हाये," माय म्हणाली. मायला मी बाहेर मोकळं हसताना क्वचितच पाहिलं. मधू दगडावर उभा राहून म्हणाला, की आता घरी जाऊन सांगायचं, आपण परदेश पाहून आलो. बाबा पुढं जाऊन थांबले होते. त्यांनी आम्हांला घाई केली नाही.

हद्दीच्या पलीकडं जरा चाललं की एक मोकळा माळ लागतो. जंगलखात्यानं तिथला साग तोडलेला होता. गवतात गुडघाभर खुंट राहिले होते. माळाची एक कड दरीवर संपते. तिथं आम्ही शिदोरी सोडली. दशमीवर चटणी, वर फोडलेला कांदा. वारा मावळतीकडून येत होता, एकसारखा, जोराचा. मायच्या पदराचं टोक सारखं आडवं उडत होतं. काकानं दोन घास खाल्ले आणि उठून बोचकं सोडलं.

"दादा, जागा हाये. वारा हाये. एकडाव."

"येडा झाला का बे? बारशाले चाललो आपन."

"तुह्याजवळ दोर हाये."

"दोर अशा कामासाठी नाई."

काका उभाच राहिला. वारा छत्रीच्या घड्यांत शिरून त्या हलवत होता. बाबांनी कांद्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, हात गवतावर पुसले. तेव्हा माय बोलली. ती म्हणाली, "पाह्यून घ्या ना एकडाव त्यायचं. इतक्या वर्साचा जीव अडकला हाये त्यायचा तुमच्यात."

मायनं बाबांना सगळ्यांसमोर काही सुचवलेलं मला दुसरं आठवत नाही. बाबांनी खांद्यावरचं वेटोळं उतरवलं. काकाजवळ फौजेतली एक बारीक, गुळगुळीत दोरी होती. बाबांनी ती बोटांत धरून पाहिली आणि टाकून दिली. "हे तुटीन. माहा घे." काकानं वाद घातला नाही.

मग त्यानं आम्हांला कामं नेमून दिली, आणि त्या वेळचा त्याचा आवाज वेगळा होता. तो घरात सोड्या म्हणून पाणी आणणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता. वाऱ्याकडं तोंड करून आम्ही दोर ओढत चालायचं. सर्वांत पुढं बाबा, मग मधू, मग मी. ओढणाऱ्यांची पाठ त्याच्याकडं असणार आणि वारा त्याचे शब्द मागं नेणार. म्हणून मायनं बाबांच्या बाजूनं उलटं चालायचं, नजर त्याच्यावर ठेवायची आणि तो काय म्हणतो ते बाबांना सांगायचं. वर गेल्यावर त्यानं 'सोड' म्हटलं की तिघांनी एकदम दोर सोडायचा. दोर सुटला की छत्री आपली आपण खाली येते. "हे सगळ्यात मोठं," तो म्हणाला. "सोड म्हटलं की सोडायचं. इचार करायचा नाई. दादा, ऐकून राह्यला ना?"

"ऐकून राह्यलो. चाल."

काकानं छातीला पट्टे बांधले. पहिल्या खेपेला छत्री फुगली आणि बाजूला लोळली. दुसऱ्या खेपेला ती एखाद्या मोठ्या जनावरासारखी उठली. दोराला हिसका बसला, मी जवळजवळ पुढं पडले. बाबा कमरेत वाकून चालत होते. माझ्यापुढच्या मधूनं मान वळवून पाहिलं आणि ओरडला, आणि मग मीही पाहिलं. काकाचे पाय गवतावर नव्हते. ते आधी गुडघाभर, मग खुंटांच्या वर, मग पळसाच्या शेंड्याएवढे वर गेले. त्याच्या डोक्यावर ते पांढरं कापड घुमटासारखं ताठ उभं होतं आणि त्याच्या फटींतून वारा शिटी घालत होता. तो हसत होता. एवढ्या उंचीवर माणसाचं हसू दिसतं.

बाबांनी मागं वळून पाहिलं. माझी नजर काकावर होती, त्यांचा चेहरा मला दिसला नाही. माय त्यांच्या बाजूलाच होती, तिनं पाहिला. ती म्हणे की ते हसले. मी फक्त त्यांचं ओरडणं ऐकलं.

"वर गेला बे वामन्या! पाह्य, माहा वामन्या वर गेला!"

वारा बाबांकडून काकाकडं वाहत होता, म्हणून ते त्याला स्पष्ट ऐकू गेलं. पुढं खाटेवर असताना त्यानं मला हे सांगितलं. वामन्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यानंतर जे झालं त्याला फार वेळ लागला नाही. दरीतून वाऱ्याचा एक लोट आला. छत्री एका अंगाला कलली, दोर आमच्या हातांत थरथरायला लागला आणि आम्ही उलटे ओढले गेलो. काका ओरडला. मी त्याच्या सर्वांत जवळ होते, मला शब्द आला: "सोड!" त्याच क्षणी माय बाबांच्या कानाशी ओरडली, "सोडा हो! सोडा म्हनून राह्यले भाऊजी!" मधूनं सोडला. मी सोडला. बाबांनी सोडला नाही. दोर त्यांच्या हातातून सरकायला लागला तसे ते दोन पावलं बाजूला झाले आणि त्यांनी सागाच्या खुंटाला दोराचा फेर दिला, बुजलेल्या बैलाला देतात तसा. टाच रोवली आणि मागं झुकले.

पुढं नोकरीत असताना एका जाणकाराला मी हे समजावून विचारलं. तो म्हणाला, की असा दोर बांधलेला राहिला की जोराच्या वाऱ्यात कललेली छत्री सावरूच शकत नाही, ती बाजूला वळते आणि बांधलेल्या पतंगासारखा जमिनीवर गोता खाते. आम्ही पाहिलं ते तेच. छत्री माळावरून आडवी गेली आणि काका पाठीवर खडकावर आला. दोर तुटला नाही. बाबांचा दोर होता.

गेल्या वर्षी आक्काच्या नातवानं मला परदेशातून एक व्हिडिओ पाठवला. ज्याच्या बारशाला आम्ही पोचलो नाही, त्या माझ्या भाच्याचा हा मुलगा. बायको-पोरांसह पाठीवर पिशव्या लावून कुठल्याशा डोंगराळ देशात फिरत होता. हिरव्या उतारावरून ते एकेक जण रंगीत छत्र्यांखाली धावत निघतात आणि जमीन त्यांच्या पायांखालून निघून जाते. मागून कुणीतरी किंचाळतं, हसतं. मी तो बऱ्याच वेळा पाहिला. सगळं नीट होतं. दोर कुठंच नव्हता. 'छान' असं कळवून मी फोन ठेवला.

माळावर पडलेला काका शुद्धीत होता. त्यानं आधी पायांतल्या चपला काढायला सांगितल्या, जड वाटतात म्हणून. चपला पायांत नव्हत्या. त्या आधीच कुठंतरी उडाल्या होत्या. बाबा त्याच्याशेजारी बसून राहिले. मधू पळत जाऊन जवळच्या पाड्यावरची कोरकू माणसं घेऊन आला. त्यांनी बांबू तोडला आणि त्याच छत्रीच्या कापडाची झोळी केली. बांधायला दोर लागला, तेव्हा त्यांतल्या एकानं खुंटाचा दोर सोडून आणला. परतीच्या वाटेवर हद्दीचा दगड आला तेव्हा कुणी थांबलं नाही. पायथ्याशी गाडी मिळाल्यावर मायनं डिंकाचे लाडू त्या माणसांना दिले. बाळंतिणीचं खाणं असं देऊ नये म्हणतात. पण द्यायला दुसरं काही नव्हतं.

अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यातून काका घरी आला तो कमरेखाली लुळा होऊन. त्याची खाट ओसरीत पडली. बाबांनी वरच्या तुळईला एक जाड दोर बांधून दिला. तो धरून काकाला उठून बसता येई. त्याचं सगळं बाबा करत. अंघोळ, कूस बदलणं, बाकीचंही. मधूला किंवा गड्याला हात लावू देत नसत. भेटायला येणाऱ्यांना बाबा सांगत, "वारा होता. ऐकू नाई आलं." माय तिथंच चुलीपुढं असे. ती लाकूड आत सारीत राही. काकाही म्हणे, "वाऱ्यानं घात केला." असं तिघांचं ठरलेलं असल्यासारखं झालं, आणि बाहेर मधू आणि मी उरलो. मला कुणी विचारलं नाही.

सोड्या हे नाव मात्र संपलं. कुणी बंदी घातली नव्हती. गावानं आपणहून टाकलं. पारावरचे म्हातारे येऊन खाटेशी बसत तेव्हा वामनराव म्हणत. काकाला जे हवं होतं ते मिळालं, असं बातमीत लिहिता येईल. नुसतं नावच गेलं नाही. ते क्रियापदच आमच्या घरातून निघून गेलं. वासरू 'मोकळं कर', गाय 'काढ', शिदोरी 'उघड', विषय 'राहू दे'. मी पुढं नागपूरला एका वर्तमानपत्रात उपसंपादक झाले. धरणातून पाणी सोडले, मंत्र्याने पद सोडले, अशा बातम्या रोज येत. मी 'विसर्ग केला', 'राजीनामा दिला' असं दुरुस्त करायची. एका वरिष्ठांनी विचारलं, एवढ्या साध्या शब्दाचं वावडं काऊन हो तुम्हाला? ते मूर्तिजापूरकडचे होते. मी म्हटलं, सवय.

सुटीत घरी गेले की मी काकाच्या खाटेशी बसे. उन्हाळ्यात बाबा अजूनही दोर वळत, काकाच्या समोरच. एक टोक खांबाला, दुसरं हातात. तोच वास, तोच आवाज. दोघे तासन्‌तास असे बसत. काका कधी पीळ सैल पडल्याचं सांगे आणि बाबा तो उलगडून पुन्हा देत. एकदा मी बाहेरून आले तेव्हा काका तुळईचा दोर दोन्ही हातांत धरून डोळे मिटून लोंबकळत होता, अंगाचं ओझं त्यावर टाकून. मला वाटलं, बसायचा प्रयत्न करतो आहे. तो म्हणाला, "पाह्यत होतो, अजून वर जाता येते का."

त्याच्या पाठीला जखमा झाल्या आणि त्या भरल्या नाहीत. शेवटच्या हिवाळ्यात मधूनं बोलावून घेतलं म्हणून मी गेले. ताप उतरत नव्हता. काकानं खाणं थांबवलं होतं. माय ज्वारीच्या कण्यांची पेज चमच्यानं देई ती ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येई. बाबा त्याचा हात आपल्या उजव्या हातात धरून खाटेच्या माच्यावर बसलेले असत. जेवायला उठत नसत. मायनं ताट तिथंच आणून ठेवलं तरी डाव्या हातानं खात, आणि आमच्याकडं डाव्या हातानं जेवणं किती वाईट समजतात ते सांगायला नको.

दिवेलागणीची वेळ होती. माय कंदिलाची काच पुसत होती, मी उंबऱ्यावर बसले होते. काका डोळे न उघडता म्हणाला, "दादा, सोड."

बाबा हलले नाहीत. हात तसाच धरून म्हणाले, "ऐकू आलं बा."

काकानं डोळे उघडले.

"तवाबी आलं होतं," बाबा म्हणाले.

मायचा हात काचेच्या आत थांबला.

"मालूम हाये," काका म्हणाला. "मले मालूम हाये, दादा. वारा इतका नोता." मग त्यानं विचारलं, "काऊन नाई सोडलं?"

बाबांनी उत्तर शोधलं. मी उंबऱ्यावरून त्यांच्याकडं पाहत होते. ते खरोखर शोधत होते. "सोडता नाई येत मले," ते म्हणाले. "हातच उघडत नाई."

यावर काका हसल्यासारखा आवाज झाला. किंवा तो खोकला असेल.

तो रात्रीत गेला. सकाळी माणसं जमली, बाहेर बांबू आले, कुणीतरी सुंभ आणला. बाबा तसेच माच्यावर होते, काकाचा हात तसाच त्यांच्या हातात. मधूनं खांद्याला हात लावला, शेजाऱ्यांनी सांगून पाहिलं. बाबा समोर पाहत राहिले. माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. शेवटी माय पुढं आली. त्या माळानंतर तो शब्द तिनं उच्चारलेला मी ऐकला नव्हता. ती त्यांच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "सोडा हो."

या खेपेला बाबांनी ऐकलं.